विमानाचं दावं

४ एप्रिल
ह्यांचं विमान विकायची जाहिरात आज परत दिली. सहा माणसांचं, दोन इंजिनांचं, वापरलेलं. हृदयाचा झटका आल्यापासून डॉक्टरांनी ह्यांना उडवायची साफ मनाई केलीय, तरी किल्ली ह्यांच्याच खिशात. कळमनुरीहून नांदेडच्या धावपट्टीवर ते 'नुसतं पुसायला' जातात. एकदाचं विकलं की माझा जीव भांड्यात पडेल. जाहिरातीला फोटो ह्यांनीच निवडला. मग दिवसभर तोच बघत का बसले?

११ एप्रिल
पुण्याचे देशमाने बघून गेले. माणूस खूश, तर हेच आपणहून, "डावं इंजिन थंडीत उशिरा धरते. दारातून पाणी येते."
परतताना गाडीत मी, "काहून सांगितलं तुमी?"
"आमच्या तांड्यात जनावराची खोड आधी सांगतेत. मागून तकलीफ नको."
हा खरेपणा की विक्रीत मोडता घालणं? एवढ्या वर्षांच्या संसारात इतकं कळू नये मला!

१५ एप्रिल
खोड सांगितली म्हणूनच भरवसा बसला म्हणे. देशमाने घेणार, रविवारी पायलट पाठवणार! पेढे आणले. ह्यांनी एक उचलला नि हातात धरूनच बसले.

१७ एप्रिल
हे नांदेडहून आले ते खांद्यावर तीन दोर घेऊन. वाऱ्यानं हलू नये म्हणून विमान बांधतात, तेच!
"जनावर इकावं, दावं न्हाई. दाव्यासंगं घरची बरकत जाती."
"अहो, पण ते अजून तिथंच उभं हाय!"
"चाकाला दगड लावले की."
दोर देवघराजवळच्या खुंटीला. मी डोक्याला हात लावला.

१८ एप्रिल
दुपारी वादळ. तिथल्या चौकीदाराचा फोन: विमान सरकून कुंपणावर, उजव्या पंखाचं टोक मुडपलं. हे दोनदा म्हणाले, "चुकलं माझं." रीत पाळली की मुद्दाम... विचारवत नाही. राग येतो, लगेच कीवही येते.

२० एप्रिल
देशमान्यांचा फोन, काल पायलटनं पंख बघून त्यांना सांगितलं म्हणे. आहे तसं घेतो, दुरुस्ती आमची, फक्त आत्ता हो-नाही सांगा. ह्यांनी फोन माझ्याच हातात दिला. "तूच सांग. इकून मोकळं व्हावं वाटते, अन् एकदा वर जाऊन यावंबी वाटून राहिलं."
एवढे दिवस विका विका करणारी मी. तोंड उघडलं, शब्द फुटेना. पलीकडून "हॅलो वहिनी, ऐकू येतंय का?" रेंज नाही वाटतं, म्हणाले देशमाने आणि फोन ठेवला.
रेंज चांगली होती. ह्यांनीही बघितलं. उठून माझ्यासाठी चहा टाकला.
उद्या देशमाने परत फोन करतील.