आजीचं घर, माझ्या देखरेखीखाली

१ ऑगस्ट, गुरुवार. स्फाक्स.

शाळेला सुट्टी. रफिका माहेरी गेली. जाऊ दे. मी उद्या जेर्बा बेटावर निघतोय. आजीचं घर दुरुस्त करायचंय आणि ते माझ्याशिवाय होणार नाही, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. कुणी तसं बोलून दाखवलेलं नाही, पण मान्य आहे.

परिस्थिती थोडक्यात: आजी, वय शहाऐंशी, मार्चमध्ये अंगणात पाय घसरून पडली. न्हाणीघर अंगणापलीकडे आणि फरशी उखडलेली. तेव्हापासून ती गावात सालुहाआत्याच्या फ्लॅटवर, दुसऱ्या मजल्यावर. रमदानकाकांनी जाहीर करून टाकलं की आता कायम तिथेच. आजीनं फक्त जेवण निम्म्यावर आणलं. मग आम्ही नातवंडांनी ठरवलं की ऑगस्टभरात घर असं करायचं की ती एकटी सुखानं राहील. काका म्हणाले, सत्तावीस तारखेला येऊन बघतो. पटलं तर घर, नाहीतर फ्लॅट.

हातात पंचवीस दिवस. वीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला एक घर म्हणजे काय.

निश्चय: रोज पहाटे पाचला उठणे. दुपारी न झोपणे. कुणावर न ओरडणे (नेता शांत असतो). ही वही कुणाला न दाखवणे.

३ ऑगस्ट, शनिवार. पहाटे ५ वाजता. (घड्याळात ९:२०.)

प्रवासाचा शीण. आजचा दिवस धरायचा नाही.

माझी टीम: धाकटा भाऊ हातेम, मार्सेहून गाडी भरून नळ, पाइप, कमोड घेऊन आलाय. तिकडे तो प्लंबर आहे. पण फ्रान्सचं पाणी वेगळं, आपलं वेगळं. त्याला मार्गदर्शन लागेल. चुलतबहीण जलीला, गाबेसच्या दवाखान्यात नर्स. कामाला वाघ, पण मोठं चित्र दिसत नाही तिला. आणि उस्ता, म्हणजे उस्ताद, मीलूद गवंडी, सत्तर वर्षांचा, पूर्ण जुन्या पद्धतीचा.

सगळ्यांना अंगणात गोळा करून पाऊण तास नियोजन समजावलं. शेवटी फक्त उस्ता उरला होता. तो बसल्याबसल्या झोपला होता.

५ ऑगस्ट, सोमवार.

आजीच्या नव्या खोलीला लागून होणाऱ्या न्हाणीघराच्या दाराचं माप घेतलं. टेप हातेमच्या गाडीत, गाडी उन्हात. मी वितींनी मोजलं. आपल्या पूर्वजांनी हे बेट वितींवरच उभं केलं. सुताराला माप फोनवर सांगितलं. तो म्हणाला, साहेब, वीत कुणाची? उद्धट माणूस.

दुपारी पाठ टेकली. झोपलो नाही, फक्त डोळे मिटून विचार केला. साडेपाचपर्यंत.

६ ऑगस्ट, मंगळवार.

आज तत्त्वाचा प्रश्न आला. उस्ता मीलूद कळीचा चुना विरवून चार दिवस तसाच ठेवतो. मी एका व्हिडिओत पाहिलंय, दोन तास पुरतात. तसं त्याला सगळ्यांसमोर, पण अत्यंत शांतपणे, सांगितलं. त्यानं थापी धुतली, पिशवीत घातली, पिशवी सायकलला अडकवली आणि गेला. बहुधा विचार करायला.

७ ऑगस्ट, बुधवार.

उस्ता आला नाही. हातेमनं माझ्याशी बोलणं बंद केलंय, कामात गढलाय. जलीला ताटभर अंजीर घेऊन उस्ताच्या घरी गेली आणि तासाभरात त्याला घेऊन आली. तो एका अटीवर परतलाय म्हणे. कोणती अट, ते तिनं सांगितलं नाही.

संध्याकाळी जलीलानं मला बाजूला घेतलं. म्हणाली, दादा, सगळ्यात नाजूक काम राहिलंय आणि ते फक्त तुलाच जमेल. आजीला घराची ओढ लागलीय. काल ती पिशवी भरून जिन्यापर्यंत आली होती. तिनं अर्धवट घर पाहिलं तर खचेल. तू रोज दहा ते पाच तिच्यापाशी बस. तिला हलू देऊ नकोस.

मी लगेच हो म्हणालो नाही. दोन सेकंद थांबलो.

९ ऑगस्ट, शुक्रवार. सालुहाआत्याचा फ्लॅट.

योजना उत्तम चालू आहे. आजीला संशय येऊ नये म्हणून मी तिला काम काढायला लावलं. म्हणजे तिनंच काढलं, पण सूत्रं माझ्याकडे. जव निवडायचे. परातभर. मी निवडतो, ती बघते. तिला वाटतं, ती मला कामाला लावतेय. बिचारी.

फोनवरून साइटला सात वेळा सूचना दिल्या. हातेमचा फोन सात वेळा बंद होता. बेटावर रेंजची बोंब आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार.

जवात परवासारखेच खडे. तेच करडे, तेवढेच. बेटावरच्या जवाचा दर्जा कमालीचा घसरलाय. शेती खात्याला पत्र लिहिण्याचा निश्चय.

आजी आज बोलली. एरवी फ्लॅटमध्ये ती गप्पच असते म्हणे. घर कसं बांधलं ते सांगत होती. आजोबांचं ट्यूनिसला किराण्याचं दुकान, वर्षातले अकरा महिने ते तिकडे. घर बांधलं तिनं आणि उस्ता मीलूदच्या बापानं. ती एकोणीस वर्षांची होती, कडेवर रमदानकाका. अंगणाखालचं पाण्याचं टाकं खणताना खडक लागला. गवंडी म्हणाला, राहू द्या. ती म्हणाली, मग मी खणते. दुसऱ्या दिवशी गवंडी मुकाट्यानं खाली उतरला.

आजोबांची दर महिन्याला पत्रं यायची, प्रत्येकात चार पानं सूचना. आजी म्हणाली, मी पत्र वाचून घ्यायची, खुंटीला लावायची आणि मला हवं ते करायची. नवरा घरी आला की म्हणायची, बघा, तुम्ही सांगितलंत तसंच झालं. खूश व्हायचा.

माझ्यात ही दूरदृष्टी कुठून आली ते आज कळलं: आजोबांकडून.

ती हे सांगत असताना ताट भरून कुसकुस जेवली. आत्या दारातून बघत होती. 

१३ ऑगस्ट, मंगळवार. महिला दिनाची सुट्टी.

आज नाजूक कामातून रजा घेतली, आत्या आजीपाशी थांबली. साइटवर जाऊन मी जाहीर केलं की आज घरातल्या बायकांनी कामाला हात लावायचा नाही. जलीला शिडीवर होती. म्हणाली, छान, मग छताला दुसरा हात तू मार. मी म्हणालो, आज प्रतीकात्मक दिवस आहे. तिनं चुन्याची बादली माझ्या हातात दिली. मी ती प्रतीकात्मक धरली. पँट गेली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार. ठिकाण: पाण्याचं टाकं, आतून.

हे खाली बसून लिहितोय. टाकं कोरडं करून आतून नवा गिलावा झालाय. इथला पाऊस थंडीत येतो, तो सुरू व्हायच्या आत तपासणं भाग होतं. आजी जरा आडवी झाली होती, म्हणून आलो. कुणाला न सांगता उतरलो. तपासणी अचानकच असावी लागते. उतरलो आणि हातेमनं वरून शिडी काढून घेतली. घराच्या छतावरच्या घुमटाला चुना मारायला. त्यानं आत पाहिलं नाही.

हाक मारणार होतो. तेवढ्यात वरचं बोलणं ऐकू आलं. टाक्यात आवाज फार स्वच्छ येतो, हा या जागेचा विशेष.

जलीला विचारत होती, तो कुठाय? हातेम म्हणाला, आजीपाशी असेल, देवाची कृपा. उस्ता म्हणाला, आज कसं, हात चालतोय माझा. मग सगळे हसले. हातेमनं कुणाची तरी नक्कल केली, हात मागे बांधून चालणाऱ्या कुणा माणसाची असावी, कारण पावलांचा आवाज तसा होता. पुन्हा हसले.

कुणाबद्दल बोलत होते कळलं नाही. सुतार असेल.

सव्वादोन तास थांबलो. त्यांच्या कामाची लय मोडायची नव्हती. तेवढ्या वेळात अख्खा घुमट पांढरा झाला. माझं नियोजन किती पक्कं आहे पाहा, मी जमिनीखाली असतानाही काम थांबत नाही.

शेवटी शिंक आली. उस्ता घाबरून कलमा पुटपुटायला लागला.

१९ ऑगस्ट, सोमवार.

संध्याकाळी दार आलं. चौकटीपेक्षा दीड वीत बुटकं. सुताराला मी लहान वितीनं मोजायला सांगितलं नव्हतं. मी सुचवलं की आजी तशीही वाकूनच चालते.  हातेम टेप घेऊन स्वतः सुताराकडे गेला. बुटकं दार कोंबड्यांच्या खुराड्याला बसलं, अगदी मापात. म्हणजे माप चूक नव्हतं, जागा चूक होती.

२२ ऑगस्ट, गुरुवार.

हे लिहावं की नाही? लिहितो. खरं लिहिण्यातच मोठेपणा आहे.

पाच दिवस उरलेत. मला वाटलं, आजी घरी येईल तेव्हा टाकं भरलेलं असावं. पावसाची वाट का बघायची? म्हणून गुपचूप टँकर मागवला. संध्याकाळी सगळे जेवायला बसले आणि टँकर आला. ड्रायव्हरनं विचारलं, साहेब, नळी कुठे सोडू? मी हातानं दाखवलं. मी टाकं दाखवलं. त्याला नवी खोली दिसली.

पाणी खोलीतून न्हाणीघरात, तिथून अंगणात, चपला घेऊन थेट ऑलिव्हच्या झाडापर्यंत. हातेम माशाचा तुकडा तोंडात धरून धावला, घसरला आणि बसल्या बसल्याच दारातून बाहेर आला. त्याला धरायला गेलेली जलीला त्याच्यावर. उस्ता मीलूद हरिसाची, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीची, वाटी डोक्यावर धरून उभा. ड्रायव्हर म्हणाला, बंद करू का? आणि जलीलाला हसू फुटलं. ती पाण्यातच मांडी घालून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग हातेम. मग उस्ता, ज्याला दात असल्याचंही मला महिनाभरात दिसलं नव्हतं. मी पण हसलो. का ते माहीत नाही.

नंतर उस्तानं वाकून फरशी पाहिली. पाण्याचा थेंब कुठे साचला नव्हता, सगळं उतारानं निघून गेलं होतं. आता म्हातारी घसरायची नाही, तो म्हणाला. आणि टाकं वाचलं म्हणाला, तो गिलावा अजून ओला आहे, आज पाणी पडतं तर सगळा सुटला असता.

म्हणजे एका टँकरमध्ये उताराची चाचणी झाली आणि टाकंही वाचलं. हे मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. पण झालं.

२६ ऑगस्ट, सोमवार. फ्लॅट.

सालुहाआत्याशी उगाच वाद झाला. मी जवाच्या दर्जाबद्दल बोलत होतो. आत्या म्हणाली, अरे वेड्या, जव एकच आहेत. तू गेलास की आई खडे परत मिसळते. डबीत जपून ठेवलेत तिनं.

आत्याची नजर अधू झालीय. डॉक्टरांना दाखवायला हवं.

उद्याचं भाषण तयार. चार पानं.

२७ ऑगस्ट, मंगळवार.

काका आले. सुटाबुटात, जणू न्यायालय. आजी मागे, पावलापावलानं. भिंती इतक्या पांढऱ्या की काकांनी डोळ्यांवर हात धरला. त्यांनी भिंती ठोकल्या, नळ उघडले, फरशीवर मुद्दाम पाय घासून पाहिला. मी भाषणाचं पहिलं पान काढलं. जलीला म्हणाली, दादा, जरा थांब.

आजी कुणाशी न बोलता नव्या न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून फक्त पाण्याचा आवाज. काका म्हणाले, पडली असेल, मी सांगत होतो. हातेमचा चेहरा पांढराफटक. जलीला दाराला कान लावून उभी.

कडी निघाली. आजी बाहेर आली, हातपाय धुऊन, केस विंचरून. काकांना म्हणाली, रमदान, चहा घे आणि जा. मला माझ्या घरात पडायचंय.

काका चहा प्यायले आणि गेले. झालं.

जलीला रडली. हातेमनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोही रडला. उस्तानं आजीच्या डोक्याचं चुंबन घेतलं. ती त्याला म्हणाली, तुझ्या बापाच्या कामापेक्षा बरं आहे. मी भाषण सुरू केलं. तिसऱ्या ओळीला आजी गादीवर कलंडली आणि झोपली. भर दुपारी, दार उघडं टाकून. आत्या म्हणाली, मार्चपासून दुपारची अशी झोपली नव्हती.

२८ ऑगस्ट, बुधवार.

सगळे निघाले. मी सर्वांत शेवटी. नेता शेवटी निघतो. निघताना आजीला सहज विचारलं. सहजच. की जवातले खडे.

ती म्हणाली, हो, मीच टाकायची. जलीला आली होती ना सांगायला, आजी, याला तेवढा तुझ्यापाशी धरून ठेव, नाहीतर उस्ता येत नाही. ती त्याची अट होती. मी म्हणाले, आणून बसव, मी बघते.

मी म्हणालो, पण मला तर सांगितलं होतं की तुला धरून ठेवायचं.

आजी म्हणाली, मग ठेवलंस की.

 फेरीबोटीत उभा आहे. वारा बराच आहे, पान धरता येत नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार. स्फाक्स. संध्याकाळ.

सकाळी उठलो साडेनऊला. घड्याळात साडेनऊच.

रफिका परत आली. विचारलं, काय काय केलंस? मी दाराचं सांगायला लागलो, मग टँकरचं, मग थांबलो. म्हणालो, जव निवडले.

तासाभरापूर्वी आजीचा फोन. मला वाटलं आभार. ती म्हणाली, नळ छान आहे, फरशी छान आहे, झोप लागते. पण घर फार शांत आहे रे. पुढच्या शनिवारी येतोस का? मी लगेच कागद ओढला, काय काय राहिलंय ते लिहून घ्यायला. गच्चीचा कठडा, मागची भिंत. ती म्हणाली, खमीस, काही राहिलेलं नाही. काही आणू नकोस, कशाला हात लावू नकोस. नुसता येऊन बस.

मी बरं म्हणालो.