तीनशे मोजेस्तोवर

१ डिसेंबर, सोमवार
सोमवारी बगीचा बंद राह्यते म्हणून आज बुढ्याले गडचिरोलीच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. सकाळची येष्टी, परत येईस्तोवर दिवे लागले. डॉक्टरीणबाई पोरीच्या वयाची, बोलायले कडक. काचबिंदू म्हणते. मोतिबिंदू असता तं काढून फेकला असता. हा निघत नाई. गेली तेवढी नजर गेली, राह्यली तेवढी सांभाळा.
ड्रॉप दोन टाइम. टाकला का लिहून ठेवायचं, म्हणून ही वही. चौथी शिकली मी, ड्रॉप लिहिण्यापुरतं येते. टाकल्यावर पाच मिनिट डोळे मिटून बसायचं. बुढा म्हणे, घड्याळ नाई पायजे, मी तीनशे मोजतो.
बाईनं विचारलं, "आजोबा, गाडी चालवता का?"
"नाई जी. सायकल बी नाई."
बगीच्यातल्या आगगाडीचं नाव घेतलं नाई. मी पण मूग गिळून बसली.
रा. ८ ड्रॉ.

३ डिसें.
स. ६ ड्रॉ. रा. ८ ड्रॉ.
तीनशे मोजते म्हणे. दोनशेच्या पुढं असा पळते का मालगाडी. अडीच मिनिटात डोळे उघडे. मी म्हटलं, डॉक्टरले फसवता का डोळ्याले?
किती दिसते ते आज खरं विचारलं. म्हणे, "फुंकणीतून पाह्यल्यासारखं. समोरचं चांगलं दिसते. बाजूचं नाई."
तो गेल्यावर चुलीची फुंकणी डोळ्याले लावून पाह्यली, दुसरा डोळा मिटून. समोरचा माठ दिसला, माठावरचा गिलास दिसला. बाजूनं मांजर कधी आली ते नाई दिसलं. दूध गेलं.
अन् पोट्टे काय समोरून येतात?

४ डिसें.
ड्रॉ. ड्रॉ.
त्याले म्हटलं, सोडा गाडी. जेवता जेवता उठला.
त्याचं बी समजते. राइस मिलमधे फिटर होता, मिल बंद पडली तं तिथलंच डिझेल इंजिन आणून यानं ही पोट्ट्यायची आगगाडी बनवली. चार डबे, पत्र्याचा बोगदा, तलावाच्या काठानं एक चक्कर. इंजिन चालू करायचं हँडल बी यानंच घासून बसवलं, दुसरं लागत नाई. ताडोबाले जाणारे लोक लेकरायसाठी इथी उतरतात ते या गाडीपाई. मालकानं, प्रफुल्लभाऊनं, मागची खोली देली ती बी गाडीपाई. गाडी गेली का खोली गेली. गावचं घर पडलं, तिथी आता एरंडी उगवली. पोरगा दिलीप नागपुरात एका खोलीत, चौघं जणं. पाचवा-सहावा कुठी झोपन?
हे सगळं खरं हाय. तरी पोट्टे बाजूनंच येतात.

६ डिसें., शनिवार
ड्रॉ. ड्रॉ.
आजपासून मी इंजिनात, त्याच्या बाजूले. आधी मागच्या डब्यात शिटी घेऊन बसत होती. माझा हात त्याच्या मांडीवर. डावीकडून कोणी आलं तं डावी मांडी दाबायची, उजवीकडून आलं तं उजवी. चिमटा म्हणजे ब्रेक.
ममता तिकीट फाडते तिथून ओरडली, "आजी, आज इंजिनात? आबाजीले सोडवत नाई का?"
म्हटलं, माझी कंबर दुखते मागं. तिले खोटं सांगतलं. इंजिनात बसली तेवढा वेळ सगळं खोटंच.
अठरा चकरा. मांडी एकवीस वेळा दाबली, चिमटा दोन.

९ डिसें.
ड्रॉ. ड्रॉ.
बोगदा वाईट. पत्र्यावर वाघ काढला हाय, पोट्टे पाह्यले का किंचाळतात. आनंदानं किंचाळले का कोणाचा हात सापडला म्हणून, आतमधे सारखंच वाटते. अंधारात मीही आंधळी, तोही. तेवढा एक मिनिट आमी नवरा-बायको बराबर.

११ डिसें.
स. ड्रॉ. (उशिरा, ७)
ममता मोबाइल घेऊन धावत आली. नागपूरच्या एका जोडप्यानं आमचा व्हिडिओ काढून टाकला. मी मांडीवर हात ठेवून, बुढा समोर पाहून राह्यला. मागं गाणं लावलं. वर लिहिलं, म्हातारपणीचं खरं प्रेम. ममता म्हणे, किती लोकायनं पाह्यलं आजी, खाली सगळे रडून राह्यले.
मी म्हटलं, मीही रडून राह्यली, त्यायले दिसत नाई.
ती हासली. मस्करी वाटली तिले.

१३ डिसें., शनिवार
ड्रॉ. ड्रॉ.
प्रफुल्लभाऊ स्वतः आला. माणूस वाईट नाई, पण खुश झाला का काहीच आयकत नाई. "आजी, तुमी दोघं म्हणजे आता बगीच्याची शान. उद्यापासून आबाजीले फेटा, तुमाले नऊवारी. अन् हात असाच ठेवायचा हां मांडीवर."
ठेवते बापा. नाई ठेवला तं तुझा बगीचा उद्याच बंद पडन.
बुढ्याले फेटा आवडला. आरशात समोरून पाह्यला, तेवढंच दिसते त्याले.

१४ डिसें., रविवार
रा. ड्रॉ. फक्त. सकाळचा चुकला.
गर्दी. रुळाच्या दोन्ही बाजूनं मोबाइल काढून लोक उभे, लेकरं त्यायच्या पायातून घुसतात. फोटो काढणारा बाप मागं सरकते, सरकते, सरकते. मांडी किती वेळा दाबली ते मोजलं नाई.
घरी येऊन पाह्यली, काळीनिळी. गरम पाण्यानं शेकून देली. बुढा म्हणे, "डावीकडून जास्त येतात वाटते."
हासू आलं. मंग तोंड फिरवलं.

१५ डिसें., सोमवार
ड्रॉ. ड्रॉ.
बगीचा बंद. म्हटलं, मले शिकवा, मी चालवते. बसली त्याच्या जागेवर. ब्रेक येते. क्लचवर पाय टाकला तं गुडघ्यातून कळ डोक्यात गेली. तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा गाडी दोन हात सरकली अन् मी उतरून खालीच बसली.
बुढा बाजूले उभा. "तू चालवशीन तं मी काय करू?"
"तिकीट फाडा."
"कोणाच्या हातात देऊ?"
गुडघा धरून उठली. परत आलो.

२१ डिसें., रविवार
स. ड्रॉ.
लिहावं का नाई.
चौथी चक्कर. बोगद्यातून बाहेर निघालो. तिथी साबणाचे फुगे उडवणारा उभा राह्यते, त्याले कितीदा सांगतलं, रुळापासून दूर राह्य. फुगा आडवा आला, त्याच्या मागं एक पोट्टी, तीन वर्साची असन, दोन्ही हात वर. उजवीकडून. माझा हात डाव्या मांडीवर होता. तिकडच्या लोकायकडं पाहून राह्यली होती मी. उजवीकडं जाईस्तोवर वेळ नव्हता. जिथी हात होता तिथीच नख रुतवलं, जेवढं होतं तेवढं. बुढ्यानं ब्रेक ओढला. डबे एकावर एक आदळले.
पोट्टी इंजिनाच्या तोंडासमोर उभी. एक चप्पल पायात, एक चाकाखाली. लाइटवाली चप्पल. चाकाखाली बी लागून राह्यला होता लाइट, लाल, बंद, लाल, बंद.
माय धावत आली. तेलंगणाकडचे लोक, ताडोबा पाहून वापस चालले होते. पोरीले उचललं, झोडपलं, मुके घेतले. मंग हात जोडून बुढ्यापुढं, "दादाजी, आपकी नजर कितनी तेज है! भगवान की कृपा है!"
बुढ्यानं मान हालवली.
लोकायनं टाळ्या वाजवल्या. त्याचा बी व्हिडिओ निघाला.
खोलीत आल्यावर फेटा काढून खाटेवर ठेवला अन् हळू विचारलं, "पोरगा होता का पोरगी?"
रा. ड्रॉ. अर्धा गालावर गेला.

२२ डिसें., सोमवार
ड्रॉ. ड्रॉ.
प्रफुल्लभाऊले सांगायचंच म्हणून गेली. चप्पल पदरात बांधून नेली, एक तं दाखवायले काही पायजे.
तो नव्या पाटीजवळ उभा. पाटीवर आमी दोघं रंगवलेले, माझे दात जास्त पांढरे. म्हणे, "आजी, तीस तारखेले डोंगरातल्या जिवतीकडच्या शाळेची सहल येऊन राह्यली, दोन बशी भरून. व्हिडिओ पाहून फोन आला. मास्तर सांगत होता, निम्म्या पोट्ट्यायनं खरी रेल्वे पाह्यलीच नाई अजून. म्हटलं, आणा, आमची हाय ना. तुमच्या दोघायमुळं बगीचा तरला बघा या साली."
मी म्हटलं, बरं.
चप्पल तशीच वापस आणली. खाटेखाली हाय. लाइट अजून लागते, दाबली का.

२५ डिसें.
ड्रॉ. ड्रॉ.
दिलीप नातीले सोडून गेला, आठ दिवस सुट्ट्या. परी आता सहा वर्साची, तोंड माझ्यावर गेलं. आल्याबरोबर, "आबाजी, मी इंजिनमधे बसन! तुमच्या दोघांच्या मधे!"
बुढा इतका हासला का डोळ्यातलं औषध वाहून गेलं असन.
मी म्हटलं, उद्या.

२६ डिसें.
ड्रॉ. ड्रॉ.
परीले म्हटलं, तुझं पोट बिघडलं हाय, उद्या. तिनं दोन भाकरी खाल्ल्या माझ्यासमोर.

२७ डिसें., शनिवार
स. ड्रॉ.
आज म्हटलं, इंजिन गरम राह्यते, भाजशीन. मागच्या डब्यात बसते म्हणे. मागचा डबा हालते. मधल्या? मधला भरला. रिकामा होता, तिले दिसून राह्यला होता.
प्लॅटफॉर्मवर पाय आपटून रडली, सगळ्या लोकायसमोर. "सगळे पोरं बसतात! मीच काऊन नाई? आजी, सांग ना, गाडीत काय होते?"
ममतानं माझ्याकडं पाह्यलं. हासली नाई यावेळी.
म्या परीले ममताजवळ बसवलं अन् इंजिनात चढली. डब्यायमधे लोकायचे लेकरं भरलेले होते.

२८ डिसें., रविवार
ड्रॉ. ड्रॉ.
जेवताना बुढ्यानं विचारलं. परी अंगणात खेळत होती.
"परीले काऊन नाई बसू देत?"
मी वरण वाढलं.
"अवो, दिलीपची माय. तुले विचारून राह्यलो."
"लहान हाय."
"तिच्याहून लहान बसतात. रोज बसतात."
मी भाकर पुढं केली. त्यानं ताट चाचपून बाजूले सारलं.
"म्हणजे दुसऱ्याचे चालतात," म्हणे.
ओरडला असता तं मी बी ओरडली असती. हळूच बोलला. हात धुवायले उठला अन् दाराच्या चौकटीले खांदा आपटला, रोज आपटते तसा.

२९ डिसें., सोमवार
ड्रॉ. ड्रॉ.
बगीचा बंद. दिवसभर बुढा इंजिन पुसत बसला. ग्रीस, तेल, घंटी. परी त्याच्या बाजूले, फडकं देऊन राह्यली. "आबाजी, हे काय? अन् हे?" सगळं हातानं दाखवते तिले, एक बी चुकत नाई. डोळ्याची गरजच नाई त्याले इंजिनासाठी. इंजिनात बिघाड नाई, आमच्यात हाय.
मी त्याले म्हटलं, उद्या नका चालवू. बिमार पडा. एक दिवस.
"अन् परवा?"
"परवाचं परवा."
"ते पोट्टे सकाळी पाचले निघतीन डोंगरावरून. रेल्वे पाह्यची म्हणून. त्यायले काय सांगू, गाडी हाय पण बुढा आंधळा हाय?"
आंधळा, हा शब्द पहिल्यांदा त्याच्याच तोंडातून.

३० डिसें., मंगळवार
सकाळी उठून इंजिनाचं हँडल काढून आणलं. तांदळाच्या ड्रममधे खुपसलं, पार बुडापर्यंत. परीनं पाह्यलं. तिले म्हटलं, सांगशीन तं पाहा. तिनं तोंडावर बोट ठेवलं.
सकाळचा ड्रॉप मुद्दाम नाई टाकला.
साडेनऊले बुढा आला, फेटा बांधून. "हँडल कुठी हाय?"
"मले काय माहीत."
"अवो, फाटकावर बशी आल्या. आयक."
आयकून राह्यलीच होती. हॉर्न. लेकरायचा कालवा, मोठ्यानं काही तरी म्हणून राह्यले सगळे मिळून. प्रफुल्लभाऊची हाक, आबाजी, ओ आबाजी.
बुढ्यानं हात पुढं केला. बराबर ड्रमच्या दिशेनं केला का माझ्या, समजलं नाई. तसाच उभा.
म्हटलं, आज ड्रॉप राह्यला. बसा. वर पाहा.
"आता?"
"आता."
बसला. टाकला. दोन्ही डोळ्यात, नीट, एक थेंब वाया नाई. मिटले त्यानं डोळे, मोजायले लागला, मोठ्यानं. मी वही उघडली. तो मोजून राह्यला अन् मी हे लिहून राह्यली.
आज पळत नाई. एकेक आकडा ठेवते जसा. शंभर. परी ड्रमजवळ जाऊन बसली, पाठ लावून. बाहेर मास्तर लाइन करायले सांगून राह्यला. प्रफुल्लभाऊ पुन्हा ओरडला, खोलीकडं येऊन राह्यला वाटते. दोनशे. दोनशे दहा.
दोनशे सत्तर. सावकाश. त्याचे दोन्ही हात मांडीवर, जिथी माझं नख लागलं तिथी.
दोनशे अठ्ठ्याण्णव. दोनशे नव्व्याण्णव.
थांबला. मंग म्हणे, दोनशे.
दोनशे एक, दोनशे दोन.
परीनं माझ्याकडं पाह्यलं. तिले शंभरच्या पुढचे आकडे येतात आता. मी तोंडावर बोट ठेवलं.
स. ९.४० ड्रॉ.