मक्यातून आलेली बाई

काँगो, १४ ऑगस्ट २००६

प्रिय ताई,
तुला नि दाजींना रत्नदीपचा जय भीम.

आई तुझ्याकडं वारूळवाडीलाच आहे ना? तिचा गुडघा कसा आहे? तिला सांग, जेवण चांगलं आहे, तब्येत बरी आहे. पुढचं वाचून दाखवू नकोस.

ताई, मला लई भीती वाटते. गेल्या आठवड्यात इथल्या बंडखोरांनी मक्याच्या शेतातून आमच्या शांतिसेनेच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. शेजारी बसलेल्या सूरजभानच्या मांडीत गोळी घुसली. काल त्याच रस्त्यानं पायी गस्तीला गेलो, तर मका हलला. मी रायफल रोखली, बोट चापावर गेलं. सगळ्यांच्या पुढं चालणारे आमचे हवालदार ओरडले, "थांब, बाई आहे."

आईच्या वयाची बाई होती. डोक्यावरचा सरपणाचा भारा टाकून ती खालीच बसली. मी भारा उचलून द्यायला गेलो, तर आणखी आकसली. "भिऊ नको" एवढंही तिच्या भाषेत मला सांगता आलं नाही.

हवालदार ओरडले नसते तर मी गोळी झाडलीच असती.

उद्या पुन्हा तोच रस्ता आहे. हवालदार तापानं दवाखान्यात आहेत, म्हणून सगळ्यांच्या पुढं मी चालायचंय.

तुझा धाकटा,
रत्नदीप