आईची नडगी

४ जानेवारी

आई लंगडतेय. विचारलं तर म्हणे, "पाय अवघडला." पाय अवघडलेली बाई जिना असा कठड्याला धरून आडवा उतरत नाही. फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे-घोटे बघते मी, आणि घरात मलाच थापा!

५ जानेवारी

पकडलं. फिरायला जाते म्हणून सांगून बाईसाहेब पळायला जातात! बुटांचे तळवे पार गुळगुळीत झालेत.

रागवायचं होतं, पण बाबा गेल्यापासून हिला खुर्चीतून उठवणं हेच एक काम होऊन बसलं होतं. ती आपणहून पळतेय म्हटल्यावर कुठल्या तोंडाने रागवू? कॉटवर बसवलं आणि नडगी दाबून पाहिली. आतल्या कडेला, लांब पट्ट्यात दुखतंय. जीव भांड्यात पडला. बोटाएवढ्या एकाच जागी ठणकलं असतं तर हाडाला चीर असण्याची शंका, म्हणजे थेट हाडांचे डॉक्टर.

"एकदम किती वाढवलंस?"

"थोडंसंच."

म्हणजे दुप्पट.

पळणं बंद. बर्फ कापडात गुंडाळून लावायचा. भिंतीला धरून टाचा उचलायच्या, सावकाश खाली आणायच्या. नवे बूट. सगळ्याला निमूट मान हलवली. तिथेच मला संशय यायला हवा होता.

९ जानेवारी

परत गेली पळायला. दुखणं वाढवून आली. पेशंटांशी किती गोड बोलते मी. आईवर ओरडले.

१० जानेवारी

कालचं मनाला लागून राहिलं होतं, म्हणून आज स्वतःच तिच्या पायाशी बर्फ घेऊन बसले. सांगत होते — बरी झालीस की बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. धाप लागली तर हळू व्हायचं.

"बोलतच असतो की आम्ही."

आम्ही?

आईने पाय ओढून घेतला. कानापर्यंत लाल.

चष्म्याच्या दुकानातले काका. गेल्या वर्षी आईचा नंबर त्यांनीच काढला होता. त्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झालीत. रोज सकाळी दोघं तळ्याभोवती पळतात, आणि तेवढाच वेळ काय तो बोलायला मिळतो.

"मी थांबले तर ते पुढे निघून जातील गं."

"त्यांना विचारलंस?"

"काय विचारू? माझ्याबरोबर लंगडा म्हणू?"

दोघी इतक्या हसलो की बर्फ सांडला. तो गोळा करताना मात्र काहीतरी टोचलं. बाबांच्या खुर्चीकडे बघवेना.

१४ जानेवारी

साधं चालताना आता दुखत नाही. म्हटलं, सपाट रस्त्यावर थोडं चाल, दुखलं की परत फीर. आणि त्यांना खरं काय ते सांग.

गॅलरीतून बघत होते. बघायला नको होतं, पण बघितलं. काका कोपऱ्यावर उभे होते. आईने पायाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तिच्या बाजूने चालू लागले. पळणारी मंडळी भराभर पुढे गेली. कोणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी वळून न बघता नुसता हात हलवला.

३ फेब्रुवारी

नडगी दाबली, दुखली नाही. त्या पायावर उड्या मारायला लावल्या. मारल्या! आता थोडं चालणं, थोडं पळणं, तेही एक दिवस आड. दुसऱ्या दिवशी उठल्यावर पाय दुखला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं.

दुपारी काका दवाखान्यात. "डॉक्टर, मलाही टाचांचा व्यायाम दाखवा. त्या एकट्याच करतात." पोटऱ्या लाकडासारख्या कडक त्यांच्या. मी दाखवला. जाताना काका दारात घुटमळले.

"तुमच्या आई दुखणं लपवतात का?"

"सगळंच."

"मग मला कळवत जा."

मी हो म्हणाले.

२१ फेब्रुवारी

आईने विचारलं, "मी त्यांच्याशी लग्न केलं तर तुला चालेल का?"

"चालेल," म्हणाले. "पळेलसुद्धा."

मग बाथरूममध्ये जाऊन बाबांसाठी रडले. तोंड धुऊन बाहेर आले तर आई दाराशीच उभी. तीही रडलेली.