चिमणी शिंकलीसुद्धा नव्हती

५ जानेवारी

चि. भाचीबाईस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी मामी चार दिवस दवाखान्यात काढून घरी आली. ताप उतरला, पण दोन पायऱ्या चढली की धाप लागते. तिला हा आजार दिला कुणी, काही उमगत नाही. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक तोंडासमोरच शिंकतं, म्हणून पहिला संशय माझ्यावर. पण मी आजारी पडलो मामीनंतर तीन दिवसांनी. तिच्याआधी पडल्या शेजारच्या शिवणवाल्या बाई, आणि त्या दोघींत एका कात्रीवरून महिनाभर अबोला आहे! दोघींकडे रोज जाते ती फक्त वरच्या मजल्यावरची आपली चिमणी, माझी नात. ती मात्र ठणठणीत, एकदा शिंकलीसुद्धा नाही. तू प्रयोगशाळेत असतेस, तूच सांग. धडधाकट पोर आजार वाहून नेऊ शकतं का?

लोभ आहेच, तो कळवत राहा.

तुझा मामा

९ जानेवारी

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

दुकान सोडून हेरगिरी सुरू केलीत की काय? पण प्रश्न नेमका आहे. हो, नेऊ शकतं. काही मुलांच्या नाकाघशात विषाणू असतो, पण ना ताप, ना खोकला. ती बोलतात, गातात, तेव्हा श्वासाबरोबर तो बाहेर पडतो. खोकणाऱ्याइतका नसेलही, पण बंद खोलीत, जवळ बसून, तेवढाही पुरतो. अशी मुलं किती, ते आम्हीही अजून शोधतोय. नाकातला नमुना घ्यायच्या काड्या पाठवतेय. विषाणू सापडला तरी तो कुणाकडून कुणाला गेला, हे त्यातून सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. तोवर खिडक्या उघड्या ठेवा, आणि चिमणीला कुणी रागावू नका.

मामीला जपा, मला विसरू नका.

तुमची भाची

२० जानेवारी

चि. भाचीस, आशीर्वाद.

तुझा निकाल पोचला. विषाणू चिमणीच्या नाकात निघाला की गं! काडी आधी माझ्या नाकात घालायला लावली होती तिने. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं निरखून बघितलं, मगच नाक पुढे केलं.

सूनबाईंनी तिला पंधरा दिवस खाली यायची बंदी केली. मामी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवलीही नाही. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनाच राहवलं नाही. मास्क लावून, दारापर्यंतच, या अटीवर त्यांनी पोरीला पाठवलं.

उंबऱ्यात उभं राहून तिने मला विचारलं, "माझ्यामुळे आजी आजारी पडली का?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "कदाचित. पण ते तुला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. आता कळलंय."

 तिने दाराजवळचं स्टूल उचललं, दाराबाहेर आणखी चार पावलं लांब नेऊन ठेवलं, आणि तिथून गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायला लागली.

मामी कूस वळवून उठून बसली. म्हणाली, नीट ऐकू आलं नाही, पहिल्यापासून वाच.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा