अंगावर पाजायचं लायसन

तीर्थरूप आत्याच्या पायांशी भाचीचा साष्टांग नमस्कार. (उसना समज. टाके अजून ओढतात, एकदा जमिनीवर आडवी झाले तर उठवायला क्रेन लागेल.)

पत्रास कारण की, फोनवर तू मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून हा खटाटोप. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का, की अजून खोलीत येण्याआधी खोकून वर्दी देतात? इकडे मी, तुझे भाचजावई आणि आमच्या बाईसाहेब सुखरूप आहोत. (नाव ठरायचंय. तोवर बाईसाहेब, कारण घरात सगळं त्यांच्याच हुकमाने चालतं.) तू पाठवलेलं खोकं मिळालं. त्यातले पावडरचे डबे, बाटल्या, बाटल्या धुवायचे लांब दांड्याचे ब्रश, सगळं नीट पोचलं. फोनवर तू म्हणालीस तेही पोचलं, की हट्ट सोड, आपल्या घराण्यातल्या बायकांना अंगावर पाजता येत नाही. आजीला आलं नाही, मला आलं नाही, तुझ्या आईला आलं नाही. आत्या, आई लग्न करून या घरात आलेली. तिच्या दुधाला आपलं घराणं कुठून चिकटलं? आई आज असती तर तिलाच विचारलं असतं. ती नाही, म्हणून तुझ्याशी भांडायची वेळ आली.

तर ऐक. आपली भाची ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तरीण आहे हे तू चारचौघांत सांगत नाहीस, पण आहे. माझ्या हाताखालून कसले कसले नमुने पार झालेत. एक निवृत्त हेडमास्तर वळण आलं की डोळे मिटायचे. एक बाई ब्रेक दाबायच्या आधी समोरच्याला हात जोडायच्या. या सगळ्यांना मी रस्त्याला लावलं, तर वीतभर पोरीला दूध पाजणं म्हणजे काय मोठं, अशा तोऱ्यात मी हॉस्पिटलात गेले. मला वाटलं होतं हे आपोआप होतं. पोर जवळ घ्यायचं, पोर पितं, आई खिडकीबाहेर बघत गालात हसते. (हे चित्र ज्याने काढलं तो माणूस मला एकदा भेटायला हवा.) प्रत्यक्षात बाईसाहेबांना जवळ घेतलं की त्या तोंड उघडायच्या, आता काहीतरी चांगलं बोलणार असं वाटायचं, आणि ऐन वेळी ओठांचा चंबू करून फक्त टोकाला चिमटा काढायच्या. माझ्या डोळ्यांपुढे काजवे! पायाची बोटं आपोआप वळायची. चुट चुट आवाज व्हायचा, पोटात काही जायचं नाही, मग त्या सुटायच्या, लालबुंद व्हायच्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी माझी तक्रार करायच्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूने मदत म्हणून मागून डोकंच दाबलं, तर बाईसाहेबांनी मान अशी ताठ केली की मला तूच आठवलीस.

घरी आल्यावर तर हाल कुत्रा खाईना. बोंडांना चिरा पडल्या, झगा लागला तरी ओरडावंसं वाटायचं, आणि पाजायची वेळ झाली की पोर रडायच्या आधी मी रडायचे. तुझे भाचजावई मात्र कामाला लागले. माणूस घरांचे नकाशे काढतो, त्यामुळे कुठल्याही संकटात त्याला आधी कोन दिसतो. पिण्यासाठी बाळाचं तोंड भरपूर उघडलेलं हवं असं त्याने कुठेतरी वाचलं, 'भरपूर' म्हणजे नक्की किती हा प्रश्न त्याला पडला, आणि एका दुपारी हा गृहस्थ कोनमापक घेऊन पोरीच्या गालाशी टेकला. मी वेदनेने दात खात्येय, पोर किंचाळत्येय, आणि हा म्हणतो, अजून थोडं कमी पडतंय. आत्या, त्या दिवशी तुझ्या भाचीच्या हातून काहीही घडू शकलं असतं. (कोनमापक आता माळ्यावर आहे. चेष्टा नाही करत, मीच स्टुलावर चढून ठेवला, टाके असताना.) पण खरं सांगू, त्याचीही दया यायची. स्वयंपाकघरात उभं राहून, नळ सोडून, तो गुपचूप डोळे पुसायचा. नळाचं पाणी आणि ते पाणी वेगळं असतं हे बायकोला कळतं एवढंही त्याला कळत नाही.

मग डॉक्टरांच्या काट्याने आम्हाला तोंडघशी पाडलं. वजन वाढायचं तेवढं वाढलेलं नव्हतं. डॉक्टर सरळ बोलले, की पोर उपाशी राहता कामा नये. तुम्ही दूध काढून वाटी-चमच्याने पाजा, धरायला शिका, पण पुढच्या वेळी काटा हलला नाही तर पावडर सुरू करायची, वाद घालायचा नाही. मी वाद घातला नाही. (तू ऐकतेयस ना? मी. वाद. घातला नाही.) त्यांचं चुकत नव्हतंच. पण घरी येऊन मी तुझं ते खोकं उघडलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिले. मला हे हवं होतं गं. लोक म्हणतात म्हणून नाही, पुस्तकात लिहिलंय म्हणून नाही. नऊ महिने मी आणि ती एकत्र होतो, आणि बाहेर आल्यावर आमचं पहिलंच काम आम्हा दोघींना जमेना, याचं मला भयंकर वाईट वाटत होतं. त्यात कानात तुझा आवाज, आपल्या घराण्यातल्या बायकांना येत नाही. मग मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, घराणं गेलं खड्ड्यात. येत नाही म्हणजे काय? शिकवायला कोण आलं होतं?

आणि आली! हॉस्पिटलने पाजण्याचं शिकवणारी नर्स घरी पाठवली. दार उघडलं आणि मी ओळखलं. तिनेही मला ओळखलं. ही माझी जुनी शिकाऊ! गाडी मागे घेताना स्कूलच्या भिंतीला इतक्यांदा टेकवली होती की मालकांनी शेवटी भिंतीला जुने टायर बांधले. परीक्षेत नापास होत राहिली, आणि दर वेळी मी तिला गाडीतच फैलावर घेतलं. ती पर्स ठेवून, हात धुऊन, समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, चला मॅडम, घ्या बघू. त्या 'घ्या बघू'मध्ये सगळ्या नापास परीक्षांचं व्याज होतं. मी पोर मांडीवर ठेवलं, पाठीचं धनुष्य केलं, आणि नेहमीप्रमाणे तिच्या तोंडावर ओणवी झाले. नर्सबाईंनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. (आत्या, ती चापट माझी! सगळ्या शिकाऊंच्या गुडघ्यावर मी हीच मारते.) आणि म्हणाली, "मॅडम, स्टिअरिंगवर पडू नका. आधी तुमची सीट."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सीट! आयुष्यभर मी हेच ओरडत आले, की तुम्ही वाकून स्टिअरिंगकडे जायचं नाही, आधी पाठ टेकून बसायचं आणि सीट अशी घ्यायची की स्टिअरिंग आपल्यापाशी येईल. आणि स्वतः काय करत होते? शेजारच्या सीटवरून शिकाऊच्या हातातलं स्टिअरिंग ओढायची माझी खोड. इतकी वर्षं कुणी चुकलं की झेप घेऊन आडवी होणारी बाई, ती पोरीवरही झेपच घेत होती. मी छाती घेऊन पोरीकडे जात होते; पोर छातीकडे यायला हवी होती. कुणाही बाईला ही खोड लागू शकते, पण माझ्याइतकी पक्की मुरवून, वर पगार घेऊन, क्वचितच कुणी लावून घेतली असेल.

मग धडे सुरू झाले. पाठीमागे उशा, मी रेलून. पोरीचं पोट माझ्या पोटाला चिकटलेलं. हात मानेखाली आणि खांद्यांना, डोक्याला धक्का नाही. नाक बोंडासमोर. आणि मग थांबायचं, आत्या. हे सगळ्यात अवघड. ती तोंड चिमणीसारखं करेल, हलायचं नाही. अर्धं उघडेल, हलायचं नाही. मी दर वेळी घाई करायचे आणि नर्स माझ्याच सुरात म्हणायची, मॅडम, सिग्नल लाल आहे. मग बाईसाहेबांनी एकदाचा असा जबडा वासला की त्यात तुझा पोळपाट गेला असता, आणि तेवढ्यात तिला हनुवटीकडून जवळ घेतलं. लागलं नाही! मी वाट बघतेय कधी कळ येते, आणि कळ नाहीच, नुसती ओढ. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल गुबगुबीत, आणि घशातून चक्क गुटुक, गुटुक. नर्स म्हणाली, हा आवाज दूध पोटात गेल्याचा. दारात तुझे भाचजावई उभे होते, ते नळ न सोडताच डोळे पुसायला लागले. मी इतक्या मोठ्याने रडले की बाईसाहेबांनी पिणं न थांबवता एक डोळा उघडून माझ्याकडे नाराजीने पाहिलं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. डावीकडे जमलं तरी उजवीकडे बोंब होती. चुकलं की करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवून सोडवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मी शिव्या दिल्या, उशा फेकल्या, नर्सला फोनवर सतावलं. पण शिकलो, दोघी. आणि डॉक्टरांच्या काट्यावर बाईसाहेब बसल्या तेव्हा काटा असा हलला की डॉक्टरांनी पुन्हा एकदा वजन केलं. आता मी कुठेही पाजते. परवा स्कूलच्या ऑफिसात पाजत होते, मालकांना काय करावं सुचेना, त्यांनी भिंतीकडे तोंड करून सगळा हिशोब सांगितला. तिथल्या भिंतींना काहीही सोसायची सवय आहेच. माझी हरकत नाही, लाज ज्याची त्याने सांभाळावी.

तेव्हा आत्या, घराण्याला माझा निरोप दे. येत नाही हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नये. काकांना नमस्कार, तुला पुन्हा एकदा साष्टांग (उसना), कळावे, लोभ असावा, नसला तरी मी वसूल करेन.

तुझीच,
ताठ मानेची भाची

ता. क. खोकं परत पाठवत नाही, कारण त्यातला एक डबा फोडलाय. मला सडकून ताप आला होता तेव्हा डॉक्टरांना विचारून तुझ्या भाचजावयांनी बाटली दिली. बाईसाहेबांनी ती मिटक्या मारत संपवली, तापातून उठल्यावर माझ्याकडेही परत आल्या, आभाळ काही कोसळलं नाही. माझं भांडण डब्याशी नव्हतंच.

ता. क. २. खरं काम आता सांगते. तुझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. तिने मला हळू आवाजात फोन केला होता. म्हणाली, आई सांगते प्रयत्नच करू नकोस, उगाच रडशील. आत्या, तिला हे सांगू नकोस. रडली तर रडू दे, मी येईन, नर्सलाही गळ घालीन. जमलं तर जमलं, नाही जमलं तर डबे आहेतच. तू फक्त खोलीत बस, आणि एवढं एक वाक्य गिळ.

ता. क. ३. परवा भांडता भांडता तू बोलून गेलीस, की तुझ्या बाळंतपणात तुझी पोलकी भिजून चिंब व्हायची आणि लेक तरी भुकेने रडत राहायची, आणि सगळे म्हणायचे, हिला पाजता येत नाही. पोलकी भिजायची म्हणजे दूध होतं, आत्या. भरपूर होतं. तुझ्यात काहीच कमी नव्हतं. तुला धरायला कुणी शिकवलं नाही, एवढंच. इतकी वर्षं हे तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. राग आला तर फोन कर. रडू आलं तरी कर.