पान उलटणारीचं बोट

अहमदनगर, १२ फेब्रुवारी १९७२

लोंढे सर,

काल आपल्या कॉलेजच्या पियानो शिक्षकांच्या कार्यक्रमात आपण दोघांनी एका पियानोवर वाजवायचं ठरलं होतं. ऐनवेळी माझी जागा प्राचार्यांच्या सुनेला दिलीत आणि मला तुमच्या स्वरलिपीची पानं उलटायला बसवलंत. तिच्याबरोबरचं झाल्यावर एकट्यानं वाजवताना तुमची नजर पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर होती. वाट चुकलात, तेव्हा दातांतल्या दातांत विचारलंत, "सुलोचना, कुठं आलोय?" मी ओळीवर बोट ठेवलं. टाळ्या तुम्ही घेतल्यात.

आत गेल्यावर सुनेला म्हणालात, "बाईंनी पान उशिरा उलटलं हो."

"तरी मला वाटलंच!" ती हसली.

येत्या सोमवारी विभागप्रमुख निवडायला परीक्षक येतील. तुम्ही एकट्यानं वाजवलेलं हेच पुन्हा वाजवाल. पानं उलटायला मी येईन, पण बोट मांडीवर ठेवीन. तुम्हाला आधी कळायला नको, म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकत नाही.

तुमच्या डावीकडे बसणारी,
सुलोचना गायकवाड